आदराचा रकाना

बुधवारी संध्याकाळी शरणपूर रोडवरच्या बेकरीतून पावाची लादी घेऊन आढावसर पायऱ्या उतरले, तेव्हा समोरच्या दाबेलीच्या गाडीभोवती त्यांच्याच शाळेची आठ-दहा मुलं उभी होती. आठवी ब ची. एकानं सरांना पाहिलं, दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, आणि बघता बघता सगळा घोळका गप्प झाला. ज्याच्या तोंडात घास होता त्यानं तो तसाच गालात धरला. "गुड इव्हनिंग, सर." एका सुरात. सरांनी मान हलवली आणि पुढं निघाले. एकतीस वर्षं हे असंच चालत आलेलं होतं, त्यात नवल काही नव्हतं. उलट दिवसभराच्या दगदगीनंतर हे 'गुड इव्हनिंग' कानावर पडलं की गरम चहा पोटात गेल्यासारखं त्यांना बरं वाटे. चार पावलं गेले असतील-नसतील, तोच मागं स्कूटी थांबल्याचा आवाज आला आणि "मिस! मिस!" असा गलका उठला. सर वळले. शाळेतली नवी धर्मशिक्षिका जयवंती गावित स्कूटी स्टँडला लावत होती आणि आत्ता खांबासारखी उभी असलेली तीच मुलं तिच्याभोवती गोळा झाली होती. कुणी सरळ उभं नव्हतं. कुणी गुड इव्हनिंग म्हणालं नाही. पण सृष्टी साळवे नावाच्या मुलीनं नुकतीच आपल्या हातात आलेली दाबेली काही न बोलता मिसच्या हातात दिली आणि स्वतः पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी नीट पाहिलं होतं, कुणीही सांगितलं नव्हतं.

ही बाई काहीतरी देत असणार, हेच त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं. मार्क असतील, पेपरातले प्रश्न असतील, नाहीतर फोनवरच्या ग्रुपात गोड गोड काहीतरी चालत असेल. मुलं उगाच कुणाच्या मागं लागत नाहीत. मुलं म्हणजे काय चीज असते हे सरांना कुणी शिकवायला नको होतं. पावाची लादी छातीशी धरून ते कॅनडा कॉर्नरच्या चौकापर्यंत आले आणि सिग्नल दोनदा सुटला तरी फुटपाथच्या कडेलाच उभे राहिले. खांद्यावरच्या पिशवीत एक छापील कागद होता, आणि आज सकाळपासून तो त्यांना पिशवीबाहेरूनही जाणवत होता. गावितची दोन वर्षांची तात्पुरती नेमणूक या महिन्यात संपत होती. तिला कायम करायचं की नाही, यावर धर्मशिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून आढावसरांचा अभिप्राय शनिवारी बारापर्यंत मुख्याध्यापिकांकडे जायला हवा होता. त्यांनी 'नाही' लिहिलं की गावितनं आपली ट्रंक उचलायची आणि सुरगाण्याला घरी जायचं, इतकं ते सरळ होतं. सहा रकाने त्यांनी डबा खाता खाता भरून टाकले होते. वेळेवर येते, होय. पाठाची तयारी, बरी. उपासनेला हजर असते, होय. सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं होतं. 'विद्यार्थ्यांच्या मनात आदर निर्माण करण्याची हातोटी आहे काय? कारणांसह लिहा.' सकाळी त्यांना तो प्रश्न चुटकीसरशी सुटण्यासारखा वाटला होता. आदर नाहीच मुळी, मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळतात, हे त्यांनी मनात लिहूनही ठेवलं होतं. आणि आता ही दाबेली मध्ये आली होती.

आदर म्हणजे काय हे सर लहानपणी ओझरजवळच्या एका खेड्यात शिकले होते. घर ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या तरी तिकडच्या थोरल्यांची नावं जुनीच राहिली होती, आणि रविवारच्या शाळेचे मास्तर होते खंडेराव. मास्तर वर्गात आले की भिंतीवरची पालसुद्धा थांबते असं मुलं म्हणत. एकदा दहा वर्षांचा शमुवेल आढाव स्तोत्र म्हणताना तिसऱ्या ओळीला अडखळला, तर मास्तरांनी त्याला उपासना संपेपर्यंत चर्चबाहेर उन्हात उभं केलं, हात मागं बांधून. आत आई गात होती, तिचा आवाज त्याला सगळ्यांतून वेगळा ऐकू येत होता, आणि ती बाहेर आली नाही. पुढं मास्तर वारले तेव्हा शमुवेल शिक्षक झालेला होता. पेटीत निजलेल्या मास्तरांसमोर गेल्यावर त्याचे हात आपोआप मागं गेले, आणि लोक एकमेकांना म्हणाले, बघा, याला म्हणतात शिष्य. ही गोष्ट सरांनी पुढं कितीतरी वर्गांना सांगितली होती, अभिमानानं. आज मात्र कॅनडा कॉर्नरच्या धुरात उभं असताना त्यांना त्यातलं एक न सांगितलेलं आठवलं. पेटीवर झाकण बसलं, खिळे ठोकले गेले, तेव्हा आपल्याला हलकं वाटलं होतं. अगदी हलकं, परीक्षा संपल्यावर वाटतं तसं. ही आठवण त्यांना मुळीच आवडली नाही. ती गावितमुळंच वर आली, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि रस्ता ओलांडला.

गुरुवारी त्यांनी कान टवकारले. शाळेच्या जुन्या प्रार्थनागृहात मधोमध प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले होते. इतर मुलं मूल्यशिक्षणाला गेली की ख्रिस्ती मुलं पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला इथं येत. एका बाजूला नववी-दहावीला सर शिकवत, दुसऱ्या बाजूला सातवी-आठवीला गावित. सरांनी आपल्या वर्गाला अर्धा अध्याय पाठ करायला लावला, आणि नकाशा सरळ करण्याच्या निमित्तानं प्लायवूडपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडं नेहमीसारखी कुजबुज होती, मग ती आपोआप थांबली. कुणी फळ्यावर डस्टर आपटलं नव्हतं. "वह्या काढायच्या आधी एक सांगायचंय," गावितचा आवाज आला. "सोमवारी मी सृष्टीला तुमच्या सगळ्यांसमोर बोलले. वही का आणली नाही हे विचारलंच नाही. नंतर कळलं, तिच्या भावाला आदल्या दिवशी दवाखान्यात ठेवलं होतं. बोलले सगळ्यांसमोर, तर माफीपण सगळ्यांसमोरच मागायला हवी. सृष्टी, माझं चुकलं." पलीकडं इतकं शांत झालं की सरांना आपल्या वर्गातली घोकंपट्टी गोंगाटासारखी वाटली. मग मुलीचा बारीक आवाज, "मला राग आला होता, मिस." आणि गावित, "यायलाच पाहिजे होता." थोड्या वेळानं ती म्हणाली, "रविवारी प्रभुभोजन आहे. कुणाशी बोलणं तुटलं असेल तर त्याच्या आधी जाऊन बोला. मी माझं केलं." बाकं सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी उठून कुणाकडं तरी गेलं, कुणीतरी हसलं.

सरांचे कान तापले. शिक्षिकेनं आठवीतल्या पोरीपुढं माफी मागायची? आणि पोरगी तोंड वर करून सांगते, राग आला होता? त्यांना स्वतःला कुणी गेल्या एकतीस वर्षांत असं सांगितलं नव्हतं, याचा अर्थ कुणाला राग आलाच नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला घेण्याआधी ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी समेट करावा, ही शिकवण काही गावितनं सुरगाण्याहून आणलेली नव्हती. सर ती दरवर्षी शिकवत. अध्याय, वचन, संदर्भ, स्पष्टीकरण. सहामाहीला चार मार्कांना हमखास. पण शिकवणं वेगळं आणि असा तमाशा करणं वेगळं. जिन्यावरून उतरता उतरता त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सोमवारी ती त्या मुलीला बोललीच का? वर्ष-दीड वर्षात कधी कुणावर आवाज चढवला नाही, आणि नेमकं प्रभुभोजनाच्या आठवड्यात? गुरुवारी माफी मागता यावी म्हणून सोमवारी मुद्दाम तर बोलली नसेल? हा विचार त्यांना एकीकडं हास्यास्पद वाटला आणि दुसरीकडं इतका सुबक वाटला की सोडवेना. दुपारी त्यांनी कपाटातून आठवी ब चं गुणपत्रक काढलं. धर्मशिक्षणाची सरासरी दोन वर्षांत अकरानं वाढली होती. इथंच पाणी मुरत होतं. मग एकेक गोष्ट जुळत गेली. गावितला प्रत्येक पोराच्या घरचं ठाऊक असे. कुणाचा बाप सातपूरला रात्रपाळीला, कुणाची आई शिलाई करते, कुणाचं घरमालकाशी भांडण. शनिवारी दुपारी ती मुलांच्या घरी जाऊन चहा पिई. कशाला? मार्चमध्ये चर्चच्या मंडळीच्या पंचांची निवडणूक होती आणि सर अकरा वर्षं पंच होते. आधी मुलं, मग आया, मग मतं. म्हणजे सगळं लक्षात येत होतं. फक्त हाताशी पुरावा नव्हता.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी सृष्टी साळवेला आपल्या खोलीत बोलावलं. ती दारातच थांबली, आत ये म्हटल्यावर टेबलापासून चांगली दोन हात लांब उभी राहिली, हात मागं, नजर सरांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडं. "घाबरू नकोस," सर म्हणाले, आणि ती आणखी ताठ झाली. सरांनी चष्मा पुसला. त्यांना या मुलीचं वाईट करायचं नव्हतं, हे सांगितलंच पाहिजे. त्यांना फक्त सोक्षमोक्ष लावायचा होता. "गावित मिस तुमच्याशी छान वागतात?" "हो, सर." "मार्कसुद्धा छान देतात." "हो, सर." "आणि पेपरात काय येणार तेही आधी सांगतात, नाही का?" मुलीची नजर घड्याळावरच होती. "हो, सर." "सहामाहीच्या वेळी सांगितलं?" "हो, सर." झालं. पाहिजे होतं ते मिळालं होतं. आता तिला जा म्हणायचं आणि लिहायला बसायचं. पण सरांच्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. "असं काही झालं तर मला येऊन सांगायचं, हे मी तुम्हाला मागंच सांगितलं होतं ना?" असं त्यांनी कधीही, कुणालाही सांगितलं नव्हतं. "हो, सर," सृष्टी म्हणाली. "जा," ते म्हणाले. "थँक यू, सर," म्हणून ती गेली.

त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. नंतर ते स्वतःला अनेक गोष्टी सांगणार होते, पण कळलं नव्हतं असं त्यांना कधीच म्हणता येणार नव्हतं. आपण तिला विचारलं असतं की तू काल चंद्रावर गेली होतीस ना, तरी ती 'हो, सर' म्हणाली असती. हे कळूनही त्यांनी पेनाचं टोपण काढलं. एकदा टोपण काढलं की हात आपल्या सवयीनं चालतो. सातव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नाही. परीक्षेपूर्वी प्रश्न सांगून विद्यार्थ्यांना खूश ठेवते. एका विद्यार्थिनीने हे स्वतः कबूल केले आहे.' अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. लिफाफा बंद करून त्यांनी शिपाई चंदरच्या हातात दिला आणि उरलेला डबा खाल्ला, त्यातली मेथी आज कडू लागली.

घरी त्यांची बायको वत्सला नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं किसत बसली होती. शुक्रवारी आल्हादला फोन करायचा असा घरचा नेम. आल्हाद त्यांचा मुलगा, तिशीला आलेला, ओझरच्या कारखान्यात नोकरीला; तिथंच खोली घेऊन राही. "कसा आहेस?" "बरा आहे, पप्पा." "रविवारी उपासनेला येतोयस ना?" "हो, पप्पा." सरांनी फोन ठेवला आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की गेले चार शुक्रवार तो 'हो, पप्पा' म्हणतोय आणि एकदाही आलेला नाही. आणि आपण एकदाही 'का आला नाहीस' असं विचारलेलं नाही. का विचारलं नाही? 'हो' मिळालं की काम संपलं, असंच वाटत राहिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "वत्सला, तू माझ्याशी कधी खोटं बोललीस का गं?" "रोजच बोलते," ती किसता किसता म्हणाली. सरांना ती थट्टा करते असं वाटलं, पण ती हसत नव्हती. "म्हणजे?" "अहो, भाजी कशी झालीय असं तुम्ही कधी विचारलंय? 'भाजी छान झालीय ना' असं विचारता. मग समोरच्यानं काय म्हणायचं? हो म्हणते आणि ताट वाढते." तिनं वाटी सरांपुढं केली. "खोबरं खवट नाही ना, बघा जरा." सरांनी चिमूटभर तोंडात टाकलं. ते खवट होतं की नाही हे त्यांना खरोखरच सांगता येईना, आणि ते तसेच आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बायको आपल्याशी आणखी कशाकशात खोटं बोलत असेल? शेजारी? चर्चचे पाळकसाहेब? एकतीस वर्षांतली सगळी 'गुड मॉर्निंग सर' त्यांच्या डोळ्यांपुढून जायला लागली, आणि प्रत्येकीकडं ते आता खोटी नोट उजेडात धरून बघावी तसे बघू लागले. ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा एक आवाज आठवावा म्हणून त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. आठवला तो एकच, प्लायवूडपलीकडचा, 'मला राग आला होता, मिस'.

शनिवारी सकाळी शाळेच्या जिन्याखाली गावित त्यांची वाट बघत उभी होती. थंडीनं तिनं ओढणी कानावरून घेतली होती. तिला बघताच सरांना वाटलं, आली. आता ही रडणार, नाहीतर धमकी देणार, मंडळीतल्या बायकांना मध्ये घालणार. "सर, काल संध्याकाळी सृष्टी तिच्या आईला घेऊन माझ्या खोलीवर आली होती," ती म्हणाली. "तुम्ही काय विचारलं आणि ती काय बोलली, सगळं तिनं सांगितलं. जेवत नव्हती पोरगी." सर म्हणाले, "मग? तुम्हाला हवंय काय?" ते स्वतःच्याच आवाजानं दचकले, इतका तो कोरडा आला. "तिला पुन्हा बोलावू नका, एवढंच सांगायला आले." "आणि तुमच्या नोकरीचं?" गावितनं खाली बघितलं. "नोकरी हवीय, सर. खोटं कशाला बोलू? दिवाळी झाली की घरची सगळी द्राक्षाच्या बागांवर कामाला उतरतात, माझा पगार आहे म्हणून धाकटी तेवढी शाळेत आहे. पण शाळेच्या समितीनं मला विचारलं तर मी गप्प बसेन. पोरीला सगळ्यांपुढं खोटी पाडून मला इथं राहायचं नाय." शेवटचा शब्द तिच्या गावाकडचा निसटला आणि ती किंचित ओशाळली.

सरांनी या बोलण्याला सगळीकडून चाचपून पाहिलं. यात डाव कुठं आहे? गप्प बसून हिला काय मिळणार? ट्रंक आणि सुरगाण्याची जीप. दुसरं काही निघेना. "तुम्ही हे सगळं शिकलात कुठं?" त्यांनी विचारलं, आणि यातही थोडा संशय होताच. "शिकले कुठं, सर? पहिल्या वर्षी मी तुमच्यासारखंच करायचे. तुमच्या तासाला बाहेर उभी राहून ऐकायचे, तसंच बोलायचे, तसंच थांबायचे. वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटायचं, जमलं. मग त्या पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी अचानक शाळा सोडून गेली. घरी काय चाललं होतं ते वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. रोज मला गुड मॉर्निंग म्हणत होती ती. तेव्हापासून मी आधी माझं चुकलेलं सांगते. मग पोरंपण सांगतात." घंटा झाली. ती जायला वळली आणि पुन्हा थांबून म्हणाली, "मी तक्रार केली नाही कुठं, सर. करणारपण नाही."

सरांना लाज वाटली.  त्यांना त्या क्षणी गावितचा रागही आला, कारण तिनं तक्रार केली असती तर भांडता आलं असतं. ते तसेच ऑफिसात गेले. लिफाफा अजून तिथंच पडलेला असेल, उचलून खिशात घालू, कुणाला पत्ता लागणार नाही, अशी त्यांची आशा होती. पण मुख्याध्यापिका वाघचौरेमॅडमच्या पुढ्यात तो फोडून ठेवलेला होता. "बरं झालं आलात, आढावसर. हे प्रश्न फोडण्याचं प्रकरण गंभीर आहे. सोमवारी समिती बोलावते. त्या विद्यार्थिनीला हजर ठेवा." सर उभेच होते. "मॅडम, ते खरं नाही." "काय खरं नाही?" "मी लिहिलं ते. मुलीनं मला पाहिजे ते उत्तर दिलं. मी तसंच विचारलं होतं. मला कळलं होतं, तरी लिहिलं." वाघचौरेमॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "गावित तुम्हाला भेटली होती का आज? जिन्याखाली बोलत होतात म्हणे. काही दबाव आणलाय का तिनं? स्पष्ट सांगा, मी आहे." "दबाव नाही." "मग कालच्यात आणि आजच्यात इतका फरक कसा? तुमच्यासारखा माणूस असं उगाच लिहीत नाही, सर." एकतीस वर्षांची पत आता त्यांच्याच गळ्यात अडकली होती, त्यांचं खोटं सगळ्यांना पटत होतं आणि खरं कुणालाच पटत नव्हतं. त्यांनी नवा कागद मागून घेतला. काय केलं ते लिहिलं, खाली सही केली. दुसऱ्या छापील कागदावर सातव्या रकान्यात 'होय' लिहिलं, आणि कारणाच्या जागी बराच विचार करून, 'मुले तिला खरे सांगतात.' वाघचौरेमॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हिला कायम करू आपण," त्या म्हणाल्या, "पण हे तुमचं पत्र फायलीला लावावं लागेल. मंडळीच्या पंचांनाही कळेल." "लावा," सर म्हणाले.

बाहेर आले तेव्हा त्यांना वाटलं, अवघड होतं ते झालं. आता मुलीला सांगायचं तेवढं राहिलं, आणि ते सोपं. उद्या प्याल्यापाशी जायचं तर ते आजच करायला हवं होतं. शेवटचा तास शास्त्राचाच होता. तिला एकटीला बोलवावं असं आधी त्यांच्या मनात आलं. मग कालची खोली आठवली, तिचा घड्याळाकडं लागलेला डोळा आठवला, आणि सगळ्यांसमोरच बोलायचं त्यांनी ठरवलं. प्लायवूडच्या पलीकडच्या बाजूला ते दोन वर्षांत कधी गेले नव्हते. तिथं भिंतीला मुलांनी नाताळसाठी कापलेले कागदाचे तारे चिकटवलेले होते, बाकं गोल मांडलेली होती, कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि गावित खिडकीपाशी बसून ऐकत होती. सर दारात दिसले आणि सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. सांगणारं पोर वाक्याच्या मध्येच थांबलं. गावितही उठली. तिनं सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली.

"सृष्टी साळवे," सर म्हणाले. हाक त्यांना हळू मारायची होती, पण एकतीस वर्षांच्या गळ्यातून ती हजेरीसारखीच निघाली. मुलगी बाकाबाहेर आली. सरांनी वाक्य जिन्यावर तीनदा घोकलं होतं. "काल मी तुला खोलीत बोलावलं," ते म्हणाले. "जे विचारलं ते चुकीचं विचारलं. तू घाबरून हो म्हणालीस, ते मला कळत होतं. तरी मी ते लिहिलं. आता ते खोडून आलोय. चूक माझी आहे, सृष्टी. मला माफ कर."  त्यांनी मान वर केली. हे बोलल्यावर मन मोकळं होतं असं ते दरवर्षी शिकवत आले होते, आणि क्षणभर खरंच काहीतरी सैल झालंसं वाटलं. मग त्यांनी मुलांचे चेहरे बघितले. एकही चेहरा गुरुवारी प्लायवूडपलीकडं असेल असं त्यांना वाटलं होतं तसा नव्हता. मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता, म्हणजे आता काय होणार? एकानं गुपचूप आपली वही दप्तरात सरकवली. ही नवी काहीतरी पद्धत आहे, सर आता वेगळ्या तऱ्हेनं पकडतात, एवढंच मुलांना कळलं होतं. आणि सृष्टीच्या ओठांवरचा रंग उडाला होता. तिनं एकदा गावितकडं बघितलं. गावितनं 'बोल' म्हणून मान हलवली, पण मुलीला धीर झाला नाही.

"नाही, सर," ती म्हणाली. "चूक माझीच आहे, सर."

"नाही गं. माझी."

 तिचे डोळे भरून आले होते, पण रडायची परवानगी आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

"सोमवारी आईला घेऊन येऊ का, सर?" तिनं विचारलं.

 हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवावा असं सरांना फार फार वाटलं, आणि हात उचलला तर ती अंग चोरेल अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी तो उचलला नाही. "नको," ते म्हणाले, जमेल तितक्या हळू. "कुणाला आणायचं नाही. बस तू."

ती बसली नाही. सर खरंच बस म्हणतायत की नाही, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत उभी राहिली.